पहिले वैज्ञानिक पोस्टर: गोषवारा स्वीकारला गेल्यापासून सत्र संपेपर्यंत

परिषदेला पाठवलेला संशोधनाचा गोषवारा, म्हणजे थोडक्यात सारांश, स्वीकारल्याचा ईमेल आला की पहिले दोन दिवस आनंदात जातात आणि तिसऱ्या दिवशी लक्षात येते की, पोस्टर, म्हणजे परिषदेत बोर्डवर लावायचा संशोधनाचा मोठा छापील कागद, कसे करायचे हे आपल्याला कोणी शिकवलेलेच नाही. माझ्या पहिल्या पोस्टरच्या वेळी मी शोधनिबंधाचा मसुदा उघडला, त्यातील मजकूर चार रकान्यांत ओतला, मध्ये मध्ये आलेख बसवले आणि काम झाले असे समजलो. लॅपटॉपच्या पडद्यावर ते अगदी नेटके दिसत होते. प्रत्यक्ष सत्रात मात्र दोन तासांत बहुतेक लोक शीर्षक वाचून, खालचा मजकुराचा गठ्ठा पाहून पुढे निघून गेले. पोस्टर वाचणारा माणूस दीड मीटर अंतरावर, गर्दीत, उभा असतो आणि दिवसभराची व्याख्याने ऐकून थकलेला असतो, हे करताना मी एकदाही लक्षात घेतले नव्हते. पुढील पायऱ्या त्या दीड मीटरच्या अंतराला धरून लिहिल्या आहेत.

१. सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी परिषदेच्या सूचना वाचा

सूचनांमध्ये पाच गोष्टी शोधा: पोस्टरचे कमाल माप, उभे की आडवे, पोस्टर क्रमांक, लावण्याची व काढण्याची वेळ, आणि चिकटवण्यासाठी काय मिळणार आहे. ए-शून्य हे सर्वात रूढ माप ८४१ × ११८९ मिलिमीटर असते आणि ए-एक त्याच्या निम्मे, म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटर. बोर्डचे माप आणि पोस्टरचे कमाल माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचनेत एकच आकडा दिला असेल, तर तो कशाचा आहे हे आयोजकांना विचारून घ्या. मी एकदा विचारले नाही. पोस्टर आडवे छापून नेले, बोर्ड उभा आणि एक मीटर रुंद निघाला, आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटर कागद दिवसभर हवेत फडफडत राहिला.

काही परिषदांमध्ये छापील पोस्टरऐवजी पडद्यावरचे पोस्टर मागतात. तसे असेल तर माप पडद्याचे, सहसा १६:९ या प्रमाणातले असते, आणि खाली छपाईविषयी जे लिहिले आहे ते तुम्हाला लागू होत नाही. बाकी सर्व लागू होते.

२. वेळापत्रक शेवटाकडून मांडा

प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजत या. छापील पोस्टर निघण्याच्या तीन दिवस आधी हातात हवे, म्हणजे चूक निघाली तर पुन्हा छापता येते. त्याआधी छपाईसाठी दोन-तीन दिवस, त्याआधी सहलेखकांच्या संमतीसाठी पूर्ण एक आठवडा, आणि त्याआधी मांडणी व आकृत्यांसाठी दोन ते तीन आठवडे. एकूण चार-पाच आठवडे होतात. यातील सर्वात बेभरवशाचा टप्पा सहलेखकांचा असतो, कारण ज्येष्ठ सहलेखक पहिला मसुदा पाहत नाहीत आणि शेवटच्या मसुद्यात मूलभूत बदल सुचवतात. त्यासाठी त्यांना पूर्ण झालेल्या पोस्टरपूर्वी, पायरी चारमधील एक वाक्य आणि पायरी पाचमधील कच्चा आराखडा दाखवून घ्या. तेवढे वाचायला दोन मिनिटे लागतात आणि मोठे मतभेद तेव्हाच बाहेर येतात.

३. कागदपत्रे आणि साधने जमवा

- स्वीकृतीचा ईमेल, पोस्टर क्रमांक आणि स्वीकारलेल्या गोषवाऱ्याची अंतिम प्रत
- सर्व लेखकांची नावे, त्यांचा ठरलेला क्रम आणि संस्थांची अधिकृत नावे
- आलेखांमागील मूळ विदा (डेटा) आणि आलेख काढण्याच्या फाइली. आलेखांची निव्वळ चित्रे पुरत नाहीत
- संस्थांची बोधचिन्हे, शक्यतो एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपात
- अर्थसाहाय्याचा क्रमांक आणि, माणसांवर किंवा प्राण्यांवर अभ्यास असल्यास, नीतिसमितीच्या मान्यतेचा क्रमांक
- दुसऱ्यांच्या आकृत्या किंवा छायाचित्रे वापरणार असल्यास त्यांची परवानगी
- मांडणीचे सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरविषयी फार वेळ घालवू नका. पॉवरपॉइंट किंवा लिबरऑफिस इम्प्रेस येत असेल तर तेच वापरा. इंकस्केप विनामूल्य आहे आणि आकृत्यांवर बारीक काम करायला उत्तम. लाटेक्स या आज्ञा लिहून मजकूर मांडण्याच्या प्रणालीत लिहिणाऱ्यांसाठी बीमरपोस्टर आणि टिक्झपोस्टर आहेत, पण चित्र दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवण्यासाठी त्यात अर्धी संध्याकाळ जाऊ शकते. परिषदेच्या तोंडावर ते नव्याने शिकायला घेऊ नका.

याच टप्प्यावर एक प्रश्न मार्गदर्शकांना विचारा: यातील काही निकालांवर पेटंटसाठी अर्ज करण्याचा विचार आहे का? परिषदेत लावलेले पोस्टर हे जाहीर प्रकटीकरण मानले जाते, आणि अर्जापूर्वी असे प्रकटीकरण झाल्यास अनेक देशांत पेटंटचा हक्क जाऊ शकतो. पोस्टर लागल्यानंतर हा प्रश्न विचारून काही उपयोग नसतो.

४. सांगायचे ते एका वाक्यात लिहा

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या. वाचकाने तुमच्या पोस्टरवरून एकच गोष्ट घरी नेली, तर ती कोणती असावी, हे एका पूर्ण वाक्यात लिहा. त्या वाक्यात क्रियापद असले पाहिजे. ‘बियाण्यांच्या उगवणीवर मातीतील ओलाव्याचा परिणाम’ हा विषय झाला. त्यात काय सापडले ते कळत नाही. ‘मातीतील ओलावा ठरावीक पातळीखाली गेला की उगवण निम्म्यावर येते’ हे वाक्य झाले. उदाहरण मी रचलेले आहे, पण फरक लक्षात यावा. पहिले वाचून लोक मान डोलावतात आणि दुसरे वाचून ‘कोणत्या पातळीखाली?’ असे विचारतात, आणि तिथूनच संभाषण सुरू होते.

असे वाक्य लिहिता येत नसेल, तर बहुधा तुमच्याकडे दोन पोस्टरांचा मजकूर आहे. त्यातला एक भाग काढून टाकण्याचे दुःख आताच सोसा. मी स्वतः तीन प्रयोगांपैकी दोनच ठेवले तेव्हा तिसऱ्याविषयी सत्रात कोणी विचारलेही नाही. ज्या एकाला रस होता त्याला लॅपटॉपवर दाखवता आला.

शीर्षक हे वाक्यच असले तर उत्तम. मात्र गोषवारा पुस्तिकेत छापले गेलेले शीर्षक बदलू नये अशी बहुतेक परिषदांची अपेक्षा असते. अशा वेळी शीर्षक तसेच ठेवून त्याच्या खाली हे वाक्य मोठ्या अक्षरांत द्या. २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकी संशोधक विद्यार्थ्याने हाच विचार टोकाला नेऊन पोस्टरचा मधला मोठा भाग फक्त मुख्य निष्कर्षाच्या वाक्याला देणारी मांडणी सुचवली आणि ती बरीच गाजली. माझे मत असे की, त्यातले तत्त्व घ्यावे, साचा जसाच्या तसा घेऊ नये. कारण आपल्या क्षेत्रातले लोक आकृती पाहायला येतात आणि त्या साच्यात आकृत्यांना बाजूच्या अरुंद पट्टीत ढकलले जाते.

५. आराखडा कागदावर काढा

ए-चार कागदावर पोस्टरची चौकट आखा आणि पेन्सिलीने खोके काढा. आडव्या पोस्टरला तीन किंवा चार रकाने, उभ्याला दोन किंवा तीन. वाचनाचा क्रम रकान्यात वरून खाली आणि मग पुढच्या रकान्यात असा ठेवा. डावीकडून उजवीकडे आडव्या ओळींत वाचायला लावले तर समोर उभ्या असलेल्या दोघा-तिघांना सारखे एकमेकांना ओलांडावे लागते.

उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला पोस्टरचा वरचा भाग येतो, आणि खालच्या पट्टीसाठी वाकावे लागते. मुख्य आकृती आणि निष्कर्ष वरच्या भागात आणा. संदर्भ, ऋणनिर्देश, अर्थसाहाय्य ही मंडळी तळाशी राहू द्या. निष्कर्ष शेवटच्या रकान्याच्या तळाशी टाकण्याची शोधनिबंधातून आलेली सवय पोस्टरला घातक ठरते. रकान्यांमध्ये तीन-चार सेंटिमीटर आणि कडेने तेवढाच समास मोकळा सोडा. मोकळी जागा दिसली की तिथे आणखी एक आलेख बसवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, विशेषतः मार्गदर्शकांना.

६. मजकूर कापा आणि अक्षरे मोजा

गोषवारा पोस्टरवर पुन्हा छापू नका, जोवर आयोजकांनी तशी सक्ती केलेली नाही. एकूण मजकूर ३०० ते ५०० शब्दांत बसवण्याचा प्रयत्न करा. प्रस्तावनेला दोन-तीन वाक्ये पुरतात. पद्धती शक्य तिथे रेखाकृतीने सांगा: नमुना कुठून आला, त्याचे काय केले, काय मोजले. पद्धतींचा बारीक तपशील ज्याला हवा आहे तो तुम्हालाच विचारणार आहे आणि तुम्ही तिथेच उभे असणार आहात.

ए-शून्य पोस्टरसाठी अक्षरांची मापे अंदाजे अशी धरा: शीर्षक ८५ ते १०० पॉइंट, विभागांची शीर्षके ४० ते ५०, मुख्य मजकूर २८ ते ३२, आकृतीखालच्या ओळी २४, संदर्भ १८ ते २०. मजकूर डावीकडे ओळीत ठेवा, दोन्ही कडांना ताणू नका. देवनागरीत मजकूर असेल तर वेलांट्या, रफार आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा थोडे जास्त ठेवा.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा एक चाचणी लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे. ए-शून्यची प्रत्येक बाजू ए-चारच्या चौपट असते. म्हणून पूर्ण पोस्टर एका ए-चार कागदावर छापून तो चाळीस सेंटिमीटरवर धरला, तर तो बरोबर तसाच दिसतो जसे मूळ पोस्टर एक मीटर साठ सेंटिमीटरवरून दिसेल. २८ पॉइंटचे अक्षर त्या कागदावर ७ पॉइंटचे होते: लहान, पण वाचता येणारे. १६ पॉइंटचे ४ पॉइंटचे होते, आणि मग वाद घालायची गरज राहत नाही. हा कागद मार्गदर्शकांच्या हातात दिला की ‘अजून एक परिच्छेद टाकू या’ ही सूचना बहुतेक वेळा आपोआप मागे घेतली जाते.

७. आकृत्या नव्याने काढा

शोधनिबंधातला आलेख चिकटवून मोठा करणे ही सर्वात सर्रास चूक आहे. निबंधातल्या आकृतीत सहा-सहा उपआकृत्या असतात, अक्षरे दहा-पंधरा मिनिटे कागदाकडे पाहणाऱ्यासाठी असतात, आणि रंगांचे अर्थ खाली लांबलचक ओळीत दिलेले असतात. पोस्टरसाठी त्या सहापैकी निष्कर्ष सांगणारी एक किंवा दोन घ्या.

आलेख पोस्टरवर जेवढा छापायचा आहे त्याच मापात काढा. आर किंवा पायथन या संगणकभाषांमध्ये आकृतीची रुंदी ३५ सेंटिमीटर आणि अक्षरे २४ पॉइंट अशी थेट देता येतात. चित्र नंतर ओढून ताणले की अक्षरेही त्याच प्रमाणात बदलतात: १५ सेंटिमीटरच्या आलेखातली १० पॉइंटची अक्षरे ३५ सेंटिमीटरला साधारण २३ पॉइंटची होतात, आणि शेजारच्या आलेखात तीच १४ पॉइंटची राहिलेली असतात. पोस्टर अकारण विस्कळीत का वाटते, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते.

रेषांच्या आलेखांसाठी एसव्हीजी किंवा पीडीएफ वापरा. ते कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत. ते शक्य नसेल तर पीएनजी. जेपीईजी फक्त छायाचित्रांसाठी ठेवा, कारण त्यात अक्षरांच्या आणि रेषांच्या कडेला धुरकट ठिपके उमटतात. छायाचित्राला छापील मापात इंचाला किमान १५० ठिपके मिळाले पाहिजेत. म्हणजे ३० सेंटिमीटर रुंद छायाचित्राला साधारण १,८०० पिक्सेल रुंदी हवी. संकेतस्थळावरून उचललेले २०० पिक्सेलचे बोधचिन्ह १० सेंटिमीटरला छापले तर इंचाला जेमतेम ५१ ठिपके मिळतात, आणि आपल्याच संस्थेचे नाव पुसट दिसते.

प्रत्येक आकृतीच्या वर, ती काय दाखवते ते वाक्यात लिहा. रंगांची सूची बाजूला ठेवण्याऐवजी रेषेच्या टोकालाच तिचे नाव द्या. त्रुटिरेषा, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या लहान उभ्या रेषा, दिल्या असतील तर त्या प्रमाण विचलनाच्या आहेत, प्रमाण त्रुटीच्या की ९५ टक्के विश्वास-अंतराच्या, आणि नमुन्यांची संख्या किती, हे तिथेच सांगा. सत्रातला सर्वात चौकस माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो आणि उत्तर आठवत नसल्यास पुढचे सगळे संभाषण बचावाचे होते.

८. रंग

पार्श्वभूमी पांढरी किंवा अगदी फिकी ठेवा. गडद पार्श्वभूमीवर शाई जास्त लागते, घडी आणि ओरखडे लगेच दिसतात, आणि बोर्डवर दिवा पडला की सगळे पोस्टर चकाकते. लाल आणि हिरवा यांच्या भेदावर कोणतीही आकृती उभी करू नका: उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्क्यांना हा भेद नीट दिसत नाही, आणि इतरत्रही हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. ओकाबे आणि इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेले आठ रंग किंवा, सलग मूल्यांसाठी, व्हिरिडिस ही रंगमाला निर्धास्तपणे वापरता येते. इंद्रधनुषी रंगमाला टाळा. तिच्यात विदेत नसलेल्या सीमारेषा डोळ्यांना दिसू लागतात.

९. फाइल छपाईसाठी तयार करा

पॉवरपॉइंटमध्ये काम करणार असाल तर स्लाइडचे माप पहिल्याच मिनिटाला बदला. मूळ स्लाइड सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावरच पोस्टर रचून छपाईत साडेतीनपट मोठे केले, तर सॉफ्टवेअरने जतन करताना इंचाला २२० ठिपक्यांवर आणलेली छायाचित्रे ६३ ठिपक्यांवर येतात. पॉवरपॉइंटमध्ये बाजू जास्तीत जास्त १४२ सेंटिमीटर घेता येते, म्हणजे ए-शून्य अडचण न येता बसते. त्याहून मोठे पोस्टर हवे असेल तर निम्म्या मापात करून दुप्पट छापावे लागते आणि सर्व अक्षरांची मापे निम्मी धरावी लागतात.

छपाईला नेहमी पीडीएफ द्या आणि त्यात फाँट अंतर्भूत करा. मूळ स्लाइड दिली आणि तो फाँट तिथल्या संगणकावर नसला, तर ग्रीक चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन येतात आणि देवनागरी जोडाक्षरे फुटतात. माझ्या एका पोस्टरवर मायक्रोमीटरमधला म्यू (µ) नाहीसा झाला आणि माझ्या पेशी मीटरमध्ये मोजल्या गेल्या. पीडीएफ तयार झाल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडा, मापे तपासा आणि शंभर टक्क्यांवर मोठी करून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत संथपणे सरकत पाहा. पडद्यावरचे झगझगीत निळे आणि हिरवे छपाईत मंद होतात. एखाद्या रंगावर बरेच अवलंबून असेल तर त्याचा लहान तुकडा आधी छापून घ्या.

क्यूआर कोड देणार असाल तर त्याची बाजू, तो ज्या अंतरावरून टिपला जाईल त्याच्या एक दशांश ठेवा: एक मीटरसाठी दहा सेंटिमीटर. भोवती पांढरी पट्टी सोडा आणि कोड थेट कायमस्वरूपी पत्त्याचा करा. काही सेवांचे विनामूल्य कोड आधी त्यांच्याच पत्त्यावर नेतात आणि चाचणीची मुदत संपली की बंद पडतात. ए-चार प्रतीवरही कोड टिपून पाहा. अर्थात तिथे फोन जवळ न्यावा लागेल.

१०. छपाई आणि प्रवास

कागद घ्यायचा तर मॅट. चकचकीत कागद किंवा लॅमिनेशन दिव्याखाली आरशासारखे वागते. कागदी पोस्टर नळीत न्यावे लागते आणि ती नळी सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर विसरणारे लोक दर परिषदेत भेटतात. कापडी पोस्टर घडी करून पिशवीत जाते, पण टाचण्यांमध्ये झोळ पडतो, म्हणून वरच्या कडेला चार-पाच टाचण्या लागतात. कापड की कागद हे ठरवताना परिषदेला विमानाने जायचे आहे का, एवढाच निकष मला पुरतो. पीडीएफची एक प्रत फोनवर आणि एक ईमेलमध्ये ठेवा. छापील पोस्टर हरवले तर परिषदेच्या गावी पुन्हा छापता येते.

११. सत्राच्या दिवशी

टाचण्या, चिकटपट्टी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, ए-चारवर छापलेल्या वीसेक प्रती न्या, आणि वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोस्टर लावा. अप्रकाशित निकालांची छायाचित्रे नको असतील तर ‘कृपया छायाचित्र काढू नये’ अशी खूण वरच्या कोपऱ्यात स्पष्ट द्या. तोंडी सांगायची वेळ येईपर्यंत छायाचित्र काढून झालेले असते.

पोस्टरच्या एका बाजूला उभे राहा, समोर नको. अर्ध्या मिनिटाचे आणि दोन मिनिटांचे अशी दोन निवेदने तयार ठेवा आणि ती आधी मोठ्याने म्हणून पाहा. आलेल्या माणसाला लगेच निवेदन ऐकवू नका. त्याला शीर्षक वाचू द्या आणि मग ‘आपण कशावर काम करता?’ एवढेच विचारा. त्याच्या उत्तरावरून प्रस्तावना सांगायची की थेट दुसऱ्या आकृतीकडे जायचे, हे कळते. मित्रांशी किंवा फोनशी बोलत असताना कोणीही थांबत नाही, हे मी शेजारच्या पोस्टरवर पाहिले आणि मग स्वतःचा फोन खिशात टाकला.

उत्तर येत नसलेल्या प्रश्नाला ‘हे मला पाहावे लागेल, आपला ईमेल द्याल का?’ असे उत्तर द्या आणि तो पत्ता खरोखर लिहून घ्या.

१२. परतल्यावर

आठवडाभरात ज्यांनी पत्ता दिला त्यांना कळवा. सहलेखकांची संमती असेल आणि पुढे ज्या नियतकालिकात निबंध द्यायचा त्याची हरकत नसेल, तर पोस्टरची पीडीएफ झेनोडो किंवा फिगशेअरसारख्या भांडारात ठेवा. तिथे तिला डीओआय हा कायमस्वरूपी ओळख क्रमांक मिळतो आणि इतरांना ती उद्धृत करता येते. संपादनाची मूळ फाइल, आलेखांच्या फाइली आणि सत्रात विचारलेल्या प्रश्नांची यादी एकाच फोल्डरमध्ये ठेवा. निबंध पाठवण्यापूर्वी ती यादी उघडा. परीक्षकांचे अर्धे प्रश्न तिथे आधीच लिहिलेले सापडतील.